बालवाडीची जागा : आधी अंगण, मग खोली

गावात बालवाडी काढावयाची असे ठरले की पहिली चर्चा होते ती इमारतीची. खोली किती खणांची असावी, छप्पर पत्र्याचे की कौलांचे, रंग कोणता द्यावा, यांवर बैठकीत बराच वेळ जातो. अंगणाचा विचार मात्र शेवटी, उरलेल्या जागेपुरता होतो, आणि पुष्कळदा बांधकामातून राहिलेली खडी व विटांचे तुकडे तेथेच वर्षभर पडून राहतात. हा क्रम उलटा आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने पाहता अंगण हीच बालवाडीची पहिली खोली होय. चार भिंतींची खोली दुसरी.

मोठ्या वर्गातील मुलास पुस्तक शिकविते, फळा शिकवितो. लहान मुलाचे तसे नाही. चढ-उतार म्हणजे काय ते त्याचे पाय सांगतात. ओले व कोरडे, जड व हलके, पुष्कळ व थोडे हे सारे त्याचा हात शिकतो. म्हणून त्याला ज्या जागेत ठेवावे ती जागाच त्याचा पाठ ठरते. अंधाऱ्या, गजबजलेल्या खोलीत चार तास बसविलेले मूल शांत दिसेल, परंतु त्याने त्या दिवशी बसून राहण्यापलीकडे काही शिकले असे म्हणता यावयाचे नाही.

हा विचार नवा नाही. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल याने १८४० साली आपल्या बालशिक्षणसंस्थेस ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. ते केवळ अलंकारिक नव्हते. त्याच्या बागेत मुलांना स्वतःचे लहानलहान वाफे खरोखरीच दिलेले असत. १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या श्रमिकांच्या वस्तीत मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. जमिनीस खिळलेली बाके त्यांनी टाकून दिली, आणि मुलांना स्वतः उचलून नेता येतील अशी हलकी मेजे-खुर्च्या व मुलांच्या हाताशी येणारी बुटकी कपाटे करविली. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर स्थापिले. तेथे त्यांच्या सहकारी म्हणून काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग आरंभिला, व अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या.

बोर्डीचा अनुभव महाराष्ट्रातील प्रत्येक बालवाडीस आजही उपयोगी पडावा असा आहे. महागडी साधने खेड्यास परवडणारी नव्हती. तेव्हा शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. काही वस्त्यांतील मुले मध्यवर्ती बालवाडीत येत ना. तेव्हा शिक्षिकाच त्या वस्त्यांतील अंगणांत जाऊन बालवाडी भरवू लागल्या, आणि त्या प्रयोगास ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, तीही याच विचाराने. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली व अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. खेदाची गोष्ट एवढीच की अनेक ठिकाणी नावातले अंगण तेवढे उरले. प्रत्यक्षात एक खोली, एक दार, आणि ते दारही मुले बाहेर पळू नयेत म्हणून लावून घेतलेले.

केंद्र शासनाने २०१३ साली या वयाच्या शिक्षणासाठी जी गुणवत्ता-मानके तयार केली, त्यांत ३० मुलांच्या गटास किमान ३५ चौरस मीटरची खोली आणि बाहेर किमान ३० चौरस मीटर मोकळी जागा धरलेली आहे. बाहेरची जागा खोलीच्या जवळजवळ बरोबरीने धरली आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

अंगणाची आखणी सावलीपासून करावी. कडुनिंब, चिंच, आंबा यांपैकी जे झाड आधीच उभे असेल ते वाचवूनच खोलीचा पाया आखावा. वीस वर्षांचे झाड तोडून त्याच्या जागी पत्र्याची शेड उभारणे हा तोट्याचा व्यवहार आहे. झाड नसल्यास पश्चिमेच्या बाजूस लावावे व ते वाढेपर्यंत मांडव घालून त्यावर दोडका किंवा घोसाळी चढवावी. शेवगा लौकर वाढतो खरा, पण त्याची फांदी ठिसूळ असते, हे खेड्यात कोणास सांगावयास नको. कण्हेर, धोतरा व एरंड ही विषारी झाडे कुंपणातही नसावीत. लहान मूल जे दिसेल ते तोंडात घालते.

सावलीखाली वाळूचा खड्डा असावा. सहा फूट रुंद, आठ फूट लांब व दीड फूट खोल एवढा तो पुरतो. तळाशी अर्धा फूट खडीचा थर दिला म्हणजे पाणी साचत नाही, आणि सभोवार विटांचा बुटका कट्टा बांधला म्हणजे मुलांना बसावयास जागा होते. रात्री त्यावर तरट किंवा जाळी घालावी, नाहीतर गावातील मांजरे व कुत्री त्याचा भलताच उपयोग करतात. वाळूशेजारी पसरट घमेल्यात पाणी, दोन-चार वाट्या, एक गाळणे आणि नारळाच्या करवंट्या ठेवाव्यात. मात्र पाण्याजवळ मोठे माणूस सतत हजर असावे आणि खेळ संपताच घमेले उपडे करावे. इतक्या लहान मुलास वीतभर पाणीही घातक ठरू शकते. घसरगुंडी लोखंडी असेल तर ती सावलीत व शक्यतो उत्तरेकडे उतरती बसवावी, कारण एप्रिलच्या उन्हात तिचा पत्रा पोळतो. जुन्या टायरांचे झोपाळे करताना त्यांना खालून भोके पाडावीत. टायरात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात.

कोकणात पावसाळ्याचे चार महिने अंगण वापरता येत नाही, तर देशावर व विदर्भात उन्हाळ्यात दहानंतर. म्हणून खोली व अंगण यांच्यामध्ये पडवी हवी. पैसा थोडा असेल तर खोली चार फुटांनी कमी करावी, पण पडवी सोडू नये. रुळावयास वेळ घेणाऱ्या नव्या मुलासही ती उपयोगी पडते. आईचा पदर सोडण्यास तयार नसलेले मूल पडवीत बसून आतले पाहते, आणि दोन-चार दिवसांनी आपल्या पायांनी आत जाते. ओढून आत नेलेले मूल उद्या येईलच असा भरवसा नसतो.

खोलीविषयी एकच कसोटी पुरेशी आहे. शिक्षिकेने मुले यावयाच्या आधी जमिनीवर बसून चोहोकडे पाहावे. तीन वर्षांच्या मुलाची उंची सुमारे तीन फूट. बसल्यावर त्याची दृष्टी दीड फुटाच्या आसपास येते. त्या उंचीवरून खिडकीतून नुसते आकाश दिसत असेल तर खिडकी मुलांसाठी नाही. तिचा कट्टा दीड-दोन फुटांवर असावा व तिला उभे गज असावेत. भिंतीवरील चित्रे पाच फुटांवर रंगविलेली असतील तर ती पाहुण्यांसाठी होत. त्याऐवजी जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत भिंतीस काळा रंग देऊन चहूबाजूंनी फळ्याचा पट्टा करावा. त्यावर प्रत्येक मुलास आपल्या हाताने रेघा ओढता येतील. एखाद्या कोपऱ्यात चटई व जुन्या लुगड्याचा आडोसा असावा. गर्दीने कंटाळलेल्या मुलास थोडा वेळ एकटे बसावेसे वाटते आणि तसे बसू द्यावे. शौचकूप बुटके, उजेडाचे व आतून कडी न लागणारे असावे. पिण्याच्या पाण्याचा नळ मुलाच्या हाताशी असावा.

आता कपाटाविषयी. पुष्कळ बालवाड्यांत खेळणी असतात, पण ती कुलुपात असतात, आणि वर्षाअखेर नवीच्या नवी निघतात. यात दोष सेविकेचा क्वचितच असतो. ती वस्तू साठा नोंदवहीत तिच्या नावे चढलेली असते. तुटली तर जाब तिला द्यावा लागेल हे भय तिच्या मनात असते. तेव्हा मुलांपेक्षा नोंदवही जपणे तिला अधिक सुरक्षित वाटते. हे भय आहे तोपर्यंत बुटकी उघडी फळी बसविण्याचा कितीही आग्रह धरला तरी फळी रिकामीच राहील. म्हणून पर्यवेक्षिकेने भेटीच्या वेळी खेळणी किती शिल्लक आहेत हे मोजण्याबरोबरच ती किती झिजली आहेत तेही पाहावे, आणि वापराने मोडलेली वस्तू वेळच्या वेळी खर्ची टाकून घेण्याची रीतसर कार्यवाही करून द्यावी. फळीवर एका वेळी दहा-बाराच वस्तू असाव्यात, प्रत्येकीची जागा ठरलेली असावी व दर पंधरवड्यास त्या बदलाव्यात. मोडक्या वस्तूंपैकी ज्यांस धार किंवा टोक नाही अशा वाट्या, पेले व लाकडी ठोकळे वाळूच्या खड्ड्यात द्यावेत. तेथे ते आणखी वर्षभर सहज चालतात.