आयर्लंडचं लोणी आणि वणीची द्राक्षं

फेब्रुवारी आला की आमच्या वणीत एकच प्रश्न, ‘रिपोर्ट आला का?’ बारावीचा नाही हो, द्राक्षांचा! फवारणीचा अंश किती उरलाय हे लॅबने सांगितल्याशिवाय माल युरोपला जात नाही. पण एकेकाळी गोष्ट उलटी होती. माल युरोपचा आणि रिपोर्ट मागत होतो आपण!

झालं असं की, 26 एप्रिल 1986 ला सोव्हिएत युनियनमधल्या चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. सरकार गप्प. दोन दिवसांनी तिथून सुमारे 1,100 किलोमीटरवर, स्वीडनच्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांमुळे अलार्म वाजला. आधी वाटलं, आपल्याकडेच लीक आहे. मग बाहेरचं गवत तपासलं, तर तिथेही किरणोत्सर्ग! वाऱ्याची दिशा बघितली आणि संशय सोव्हिएतकडे वळला. त्याच संध्याकाळी मॉस्कोने अपघात झाल्याचं जाहीर केलं.

न दिसणारी ही धूळ पकडतात कशी? एक पंप तासन्‌तास हवा ओढत राहतो. कण फिल्टर पेपरवर अडकतात, वायुरूप आयोडीनसाठी खास कोळशाचा फिल्टर. हवेत रेडॉनपासून तयार झालेले नैसर्गिक किरणोत्सर्गी कण असतातच, ते विरेपर्यंत थोडं थांबायचं. मग फिल्टर डिटेक्टरसमोर. प्रत्येक समस्थानिकाच्या गॅमा किरणांची ऊर्जा ठरलेली असते, अगदी सहीसारखी. सिझियम-137 ची सही 662 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला. आयोडीन-131 आठ दिवसांत निम्मं होतं, म्हणजे ते सापडलं तर घटना ताजी. सिझियम-137 निम्मं व्हायला मात्र 30 वर्षं लागतात.

हेच सिझियम पावसासोबत युरोपच्या कुरणांवर उतरलं. गवतातून गाईत, गाईतून दुधात. त्यानंतर आयर्लंडचं 200 टन लोणी मुंबईच्या दूध योजनेसाठी आलं आणि लोक धास्तावले. डॉ. शिवराव शांताराम वागळे आणि इतरांनी हायकोर्ट गाठलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाने तज्ज्ञांची समिती नेमली, समितीने लोणी खायला सुरक्षित असल्याचं सांगितलं आणि 1988 मध्ये कोर्टाने ते मान्य केलं.

मला यातली भारी गोष्ट म्हणजे प्रश्न विचारणारे चुकले नव्हते. त्यांनी विचारलं, म्हणून उत्तर आकड्यात मिळालं.

उलट उदाहरण 2011 चं. फुकुशिमाच्या अपघातानंतर ‘पाऊस आला तर घरात बसा, गळ्याला बेटाडिन लावा’ असा बीबीसीच्या नावाचा खोटा मेसेज आशियाभर फिरला. तेव्हाही हजारो किलोमीटरवरच्या फिल्टरांनी जपानचं आयोडीन आणि सिझियम पकडलं होतं, पण इतकं कमी की तब्येतीला धोका नव्हता. ‘सापडलं’ आणि ‘घातक आहे’ यात मोठं अंतर असतं.

आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘आयर्मॉन’ हे जाळं देशभर किरणोत्सर्गावर लक्ष ठेवतं. तेव्हा दोस्तांनो, पुढच्या वेळी असा फॉरवर्ड आला की घाबरू नका आणि हसण्यावारीही नेऊ नका. दोनच प्रश्न विचारा: किती बेकरेल? आणि कुठे मोजलं?

आमच्या वणीतला द्राक्षवाला तरी दुसरं काय करतो? रिपोर्ट हातात आल्याशिवाय तो पेटी भरत नाही.