दारू एकाची, आजार साऱ्या घराचा

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शीलही तेच सांगते. आम्ही विहारात ते म्हणतो आणि घरी जातो. मात्र ज्या घरातला कर्ता पुरुष पिऊन पडलेला असतो, त्या घरातली उपासिका वंदनेला येणेच बंद करते. लोक काय म्हणतील, याची तिला भीती. ही भीती कोणी निर्माण केली? आम्हीच!

व्यसनी माणसाला आम्ही शील मोडणारा म्हणून बाजूला टाकले. फार झाले तर बुद्धमूर्तीसमोर शपथ घ्यायला लावली. परंतु दारूचे व्यसन हा आजार आहे, असे वैद्यकशास्त्र सांगते. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर झटके येऊन जीवही जाऊ शकतो. म्हणून शपथेआधी डॉक्टर गाठला पाहिजे.

आणि हा आजार एकट्याचा नसतो. बायको साहेबाला 'ताप आलाय' असे खोटे सांगते. आई गुत्त्यावरची उधारी भागवते. थोरली मुलगी शाळा बुडवून धाकट्यांना सांभाळते. सारे घर बाटलीभोवती फिरू लागते. मग तो केंद्रात राहून बरा होऊन येतो, पण घर आहे तिथेच असते. त्याचे खिसे तपासले जातात, टोमणे सुरू होतात. दारूशिवाय एकमेकांशी बोलायचे कसे, हेच सगळे विसरलेले असतात.

म्हणूनच कौटुंबिक समुपदेशन हवे. त्यात समुपदेशक साऱ्या घराला एकत्र बसवतो. प्रत्येकाने आपल्यावर काय गुदरले ते सांगायचे, इतरांनी मधे न बोलता ऐकायचे. पगार कोणाच्या हाती राहील, उधारी कोणी भागवायची नाही, पाय पुन्हा घसरला तर काय करायचे, हे सर्वांनी मिळून ठरवायचे. 'यात तुमची चूक नाही,' हे मुलांना स्पष्ट सांगायचे. यात बायकोवर दोष ढकलणे नाही. जिथे मारहाण आहे तिथे आधी तिची सुरक्षितता, तिच्याशी स्वतंत्र बोलणे. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तिच्या पाठीशी आहे.

1986 साली सुरू झालेल्या पुण्याच्या मुक्तांगण केंद्राने व्यसनींच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट उभा केला. व्यसनींच्या नातलगांचा अल-अनॉन हा गट अमेरिकेत 1951 पासून चालत आला आहे. मग आमच्या विहारात असा गट का नसावा?

आमच्या मायबहिणींनी मतदान करून गावोगावची बाटली आडवी केली. घरातल्या बाटलीशी मात्र त्या एकट्याच झुंजत आहेत. प्रत्येक विहाराने आठवड्यातून एक संध्याकाळ या कुटुंबांसाठी द्यावी. प्रशिक्षित समुपदेशकाला बोलवावे, दार लावून घ्यावे आणि ऐकलेले बाहेर नेऊ नये. करुणा ही केवळ प्रवचनात सांगायची गोष्ट नाही. पडलेल्याला आणि त्याच्या घराला हात देणे, हाच धम्म!

जयभीम!