बदल दिसतो, कारण लिहावं लागतं

अलिबाग तालुक्यातल्या एखाद्या वाडीचा जुना, हाताने लिहिलेला सातबारा पाहा. नावांजवळ वर्तुळात आकडे असतात. ते फेरफार क्रमांक. जमीन आज कुणाच्या नावावर आहे ते सातबारा सांगतो. ती कशी आली हे त्या क्रमांकावरून गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार वहीत, शोधायचं. वारस, खरेदी, हक्कसोड, बोजा असा नोंदीचा प्रकार, मग तपशील, शेवटी मंडळ अधिकाऱ्याचा शेरा. नोंद चुकली तर खाडाखोड करायची नसते. दुरुस्तीची नवी नोंद घालायची.

मी इथूनच ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो, त्याची फेरफार वही म्हणजे गिट. लिनस टोरवाल्ड्सने 2005 मध्ये लिनक्सच्या कामासाठी ते लिहिलं. कोणती ओळ कुणी, कधी बदलली ते गिट आपोआप दाखवतं. का बदलली, हे मात्र कमिट, म्हणजे बदलाची नोंद, करणाऱ्यानेच संदेशात लिहायचं असतं. आमच्या वहीत तिथे ‘फिक्स’, ‘अपडेट’, ‘फायनल’ एवढंच सापडायचं.

एका ओळीत सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहण्याची मुदत 10 सेकंदांवरून 30 केली होती. संदेश होता ‘अपडेट’. ती परत कमी करावी का, हे कुणालाच ठरवता येईना. बऱ्याच शोधानंतर कळलं, की नेटवर्क मंद असलं की 10 सेकंदांत उत्तर येत नसे, ॲप पुन्हा विनंती पाठवी आणि एकाच पैशांच्या दोन पावत्या बनत.

आता साचा ठरला आहे. सुरुवातीला प्रकार: नवी सोय असेल तर ‘फीट’, दुरुस्ती असेल तर ‘फिक्स’, कागदपत्रं असतील तर ‘डॉक्स’. पहिली ओळ साधारण 50 अक्षरांत. मग एक ओळ मोकळी, आणि खाली कारण. तीच नोंद आता अशी होईल: ‘फिक्स(पावती): दुहेरी पावती टाळण्यासाठी मुदत 30 सेकंद’. साचा मोडला तर कमिट-मेसेज हुक ही छोटी स्क्रिप्ट कमिट होऊच देत नाही. प्रकार ठरलेले असल्याने नव्या आवृत्तीची बदलयादीही या संदेशांतूनच तयार होते.

पण हुक फक्त सांगाडा तपासतो. दिलेलं कारण खरं आणि पुरेसं आहे का, हे सहकाऱ्यालाच वाचून ठरवावं लागतं. म्हणून कोड तपासताना संदेशही तितक्याच बारकाईने तपासा, आणि कारण नसेल तर कमिट परत पाठवा.