कास ही गाळणी नव्हे

ठाणे, कल्याण, भिवंडी परिसरातील तबेल्यांत मुऱ्हा, जाफराबादी, मेहसाणा जातींच्या म्हशी आढळतात. त्यांच्यापुढे भाताचा पेंढा टाकलेला असतो आणि धारेच्या वेळी सरकीची पेंड व चुणी यांचे आंबोण ठेवतात. दुधात प्रथिने कोठून येतात, असे वर्गात विचारले तर 'पेंडीतून' हे उत्तर हमखास मिळते. ते अर्धेच बरोबर आहे. दुधातील मुख्य प्रथिन म्हणजे केसीन. ते सरकीतही नसते आणि पेंढ्यातही नसते. ते कासेतच तयार होते. मग त्यासाठी लागणारा कच्चा माल कासेपर्यंत पोचतो कसा?

म्हशीने खाल्लेल्या प्रथिनांचा बराच भाग तिच्या पहिल्या पोटातील सूक्ष्मजीव मोडून टाकतात आणि त्यातील नायट्रोजनपासून स्वतःची प्रथिने बनवतात. पुढे हे सूक्ष्मजीव आणि खाद्यातील न मोडलेली प्रथिने यांचे पचन होऊन अमिनो आम्ले तयार होतात व रक्तात मिसळतात.

कास ही अमिनो आम्ले रक्तातून उचलते, हे कसे कळले? कासेकडून निघून पोटाखालून पुढे जाणारी जाड शीर तुम्ही पाहिली असेल. तिला दुधाची शीर म्हणतात. तिच्यात दूध नसते, तर कासेतून परतणारे रक्त असते. १९२० साली अमेरिकेत केरी या संशोधकाने गाईच्या या शिरेतील रक्ताची मानेच्या शिरेतील रक्ताशी तुलना केली. दुभत्या गाईंत कासेतून परतणाऱ्या रक्तात अमिनो आम्ले कमी भरली. आटलेल्या गाईंत असा फरक दिसला नाही. पुढे इंग्लंडमध्ये बॅब्रॅहम येथे लिंझेल यांनी शेळ्यांच्या कासेतून किती रक्त वाहते हेही मोजले. कासेत शिरणाऱ्या आणि परतणाऱ्या रक्तातील फरकाला रक्तप्रवाहाने गुणले, की कासेने काय आणि किती घेतले याचा हिशेब मिळतो.

एक लिटर दूध तयार होताना कासेतून सुमारे ४०० ते ५०० लिटर रक्त वाहते. म्हशीच्या लिटरभर दुधात सुमारे ४० ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे ५०० लिटर रक्त धरले, तर दर लिटरमागे जेमतेम ८० मिलिग्रॅम माल उचलला जातो!

हा माल आपोआप झिरपत नाही. कासेतील पेशींच्या पटलावर वाहक प्रथिने असतात. ती ठराविक अमिनो आम्ले ओळखून आत घेतात. आत त्यांची ठरलेल्या क्रमाने माळ गुंफली जाते. विद्यार्थ्यांना 'क' आणि 'म' यांची दहा-दहा आणि 'ल' ची तीनच कार्डे द्या व 'कमल' शब्द जुळवायला सांगा. तीन शब्द होतील आणि चौदा कार्डे उरतील. प्रथिनाचेही तसेच आहे. एक अमिनो आम्ल अपुरे पडले, की बाकीची असूनही काम अडते.

हिशेबात आणखी एक गंमत आढळते. मेथिओनीन, फेनिलअ‍ॅलॅनिन ही आम्ले कास जेवढी घेते, जवळजवळ तेवढीच दुधात उतरतात. ल्युसीन, व्हॅलीन, लायसीन मात्र ती गरजेपेक्षा जास्त घेते. अर्जिनीन तर दुधात उतरते त्याच्या दुपटीहून अधिक घेते. या जादा मालातील नायट्रोजन वापरून ती प्रोलीनसारखी कमी पडणारी आम्ले स्वतः बनवते.

तुटवडा पडला तर? २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शेळ्यांना हिस्टिडीन हे एकच अमिनो आम्ल कमी पडेल अशी व्यवस्था केली होती. कासेने आपला रक्तप्रवाह वाढवला आणि रक्तातून हिस्टिडीन खेचून घेण्याची क्षमता कितीतरी पटींनी वाढवली. तरीही दुधातील प्रथिन घटलेच.

तबेल्याच्या दृष्टीने याचा अर्थ महत्त्वाचा आहे. निव्वळ पेंडीचे वजन वाढवून दुधातील प्रथिन त्या प्रमाणात वाढेलच असे नाही. जे अमिनो आम्ल कमी पडते ते मिळाले नाही, तर उरलेल्यांचा नायट्रोजन यकृतात युरिया बनतो आणि मुख्यतः मूत्रावाटे बाहेर पडतो. महागाच्या पेंडीचा तेवढा भाग चरवीत न येता तबेल्याच्या गटारात जातो.