मग डबा कुणाबरोबर खायचा?

माझा धाकटा भाऊ मार्च २०२० मध्ये सातवीत असताना शाळेतून घरी आला, तो थेट नववीत शाळेत जाणार होता. राज्यातल्या शाळा सोमवारी, ४ ऑक्टोबर २०२१ला उघडणार होत्या. ग्रामीण भागात पाचवी ते बारावी, शहरांत आठवी ते बारावी. पालकांचं संमतीपत्र हवं होतं, मास्क हवा होता आणि एका बाकावर एकच विद्यार्थी बसणार होता. हे ऐकून भावाचा पहिला प्रश्न, 'मग डबा कुणाबरोबर खायचा?'

हसू आलं, पण खरी गोम तिथंच होती. वर्गात सर लक्ष ठेवणार होते. मधल्या सुट्टीत, मित्र दीड वर्षाने भेटल्यावर कोण ठेवणार होतं? नियमांचा कागद त्याच्या हातात देऊन भागणार नव्हतं. त्याच्याशी बोलावं लागणार होतं, आणि ते आईबाबांपेक्षा आपल्याला बरं जमतं. तेव्हा तायांनी, दादांनी आदल्या रविवारी अर्धा तास काढायलाच हवा होता. दप्तरात एक जादा मास्कही टाकायला हवा होता.