हर्स्टचे पत्ते आणि नाईलचा पूर

धरण किती मोठं बांधायचं? हॅरॉल्ड एडविन हर्स्ट हे इंग्रज संशोधक 1906 साली इजिप्तला गेले आणि जन्मभर याच प्रश्नाच्या मागे लागले. हाताशी दफ्तर मात्र जबरदस्त होतं: कैरोच्या रोडा बेटावरच्या पुराच्या नोंदी थेट सातव्या शतकापासूनच्या.

एका वर्षाचा दुसऱ्याशी काही संबंध नसेल, तर काळ चौपट धरला की लागणारा साठा साधारण दुप्पट व्हावा, असं गणित सांगतं. नाईलच्या नोंदींतून निघाला जवळजवळ पावणेतीनपट! कारण कोरडी वर्षं ओळीनं येतात, ओलीही तशीच.

संगणक नव्हता, म्हणून हर्स्ट पत्ते पिसत बसले. आकडे लिहिलेला खास जोड. नुसता पिसून पत्ते काढले की उत्तर दुप्पटच. मग त्यांनी काही मोठे पत्ते मुद्दाम एका वाटणीत सरकवले आणि जोकर घातला. जोकर निघेपर्यंत झुकाव तोच, निघाला की सगळं पुन्हा पिसायचं. आता आकडे नाईलसारखे आले. जलविज्ञानातला इतका स्वस्त आणि इतका हुशार प्रयोग मला तरी दुसरा आठवत नाही.

1951 साली निबंध छापून आला. पुढे गणिती मँडेलब्रॉ यांनी तो उचलून धरला. काळ वाढला की साठा किती पटीनं वाढतो हे सांगणारा त्यातला घातांक आज शेअर बाजारापासून हृदयाच्या ठोक्यांपर्यंत सगळीकडे वापरतात; नाव हर्स्ट यांचंच आहे.