रोजची पाचशे एकाहत्तर वर्षं

मुंबईच्या लोकलने रोज साधारण ७५ लाख प्रवास होतात. घर ते स्टेशन, स्टेशन ते ऑफिस हा वेळ सोडून देऊ. फक्त गाडीतला वेळ धरू, आणि तोही हात राखून, सरासरी ४० मिनिटं. गुणाकार केला की उत्तर येतं ५० लाख तास. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे पहाटेची पहिली गाडी सुटल्यापासून रात्रीची शेवटची गाडी कारशेडला लागेपर्यंत माणसांच्या आयुष्यातली ५७१ वर्षं डब्यात जातात. आजपासून ५७१ वर्षं मागे गेलं तर संत एकनाथांचा जन्मही झालेला नसतो. एवढा काळ एका दिवसात, आणि उद्या पुन्हा तेवढाच.

आकडा इतका मोठा झाला की तो कुणाचाच वाटत नाही. म्हणून तो एका माणसावर आणून बघू. बदलापूरला घर आहे आणि नोकरी फोर्टात. सीएसएमटी ते बदलापूर ६८ किलोमीटर. गाडीतला दीड तास, शिवाय स्टेशनपर्यंतची रिक्षा, जिना, वाट बघणं आणि उतरल्यावरची चाल मिळून अर्धा तास. जाऊन येऊन चार तास. रविवार, सण आणि रजा वजा करून वर्षाचे कामाचे दिवस २७५ धरले तर ११०० तास होतात. पंचविशीत नोकरीला लागून साठीला निवृत्त झालेला माणूस पस्तीस वर्षांत ३८,५०० तास प्रवासात घालवतो. झोपेचे आठ तास वगळून जागेपणाचा दिवस सोळा तासांचा मानला, तर हे २,४०६ दिवस भरतात. साडेसहा वर्षांहून जास्त, तीही सगळी जागेपणीची.

अंतराचा हिशेब आणखी अचाट आहे. रोजचे १३६ किलोमीटर, वर्षाचे ३७,४००. विषुववृत्तावर पृथ्वीचा परीघ ४०,०७५ किलोमीटर आहे. म्हणजे बदलापूरचा कारकून दरवर्षी जवळजवळ एक पृथ्वीप्रदक्षिणा करतो. पस्तीस वर्षांत तेरा लाख किलोमीटर होतात. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. हा माणूस चंद्रावर जाऊन परत येतो, पुन्हा जातो आणि परतीची साधारण दीड लाख किलोमीटर वाटही चालून येतो. कसाऱ्याचा माणूस १२१ किलोमीटरवरून येतो, डहाणूचा १२४. पुण्याहून डेक्कन क्वीनने रोज ये-जा करणाऱ्या पासधारकाचे दिवसाला ३८४ किलोमीटर होतात. त्याची वर्षातून अडीच प्रदक्षिणांहून जास्त मजल जाते.

माणसाने इतका प्रवास आजवर कधी केला नव्हता. चेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडलं की माणूस पायी चालत असो, घोड्यावर असो वा मोटारीत, रोजच्या जाण्यायेण्याला तो साधारण एकच तास देतो. वाहन वेगवान झालं की वेळ वाचत नाही, शहर पसरतं. मुंबईचा जुना कोट या हिशेबात चपखल बसत होता, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला अर्ध्या तासात चालत जाता येई. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, १४ डबे, ४०० प्रवासी, ३४ किलोमीटर. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले आणि कोटाची तटबंदी त्यानंतरच्या दशकात पाडली गेली. तिथून शहर रुळांच्या बाजूने लांबत गेलं. मार्केटीच्या एका तासाचे आपण चार केले आणि तेही लाखोंनी.

हे कुणी हौसेने केलेलं नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने चाळीतल्या खोलीचं भाडं गोठलं, कुटुंब मात्र वाढत राहिलं. एका खोलीत दोन भावांचे संसार झाले की धाकटा डोंबिवलीला जायचा. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुढच्या काळात गिरणगावातली घरंच्या घरं विरार, बदलापूर, टिटवाळ्याकडे सरकली. २००१ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजार होती, २०११ मध्ये ती ३० लाख ८५ हजारांवर आली. त्याच दहा वर्षांत कुळगाव-बदलापूर ९८ हजारांवरून १ लाख ७४ हजारांवर गेलं.

घर घेताना माणूस कसा हिशेब करतो? चौरस फूट, हप्ता, स्टॅम्प ड्युटी, पार्किंग. तास त्यात नसतात. ते घालून बघू. समजा, दादरचं घर आणि तेवढंच बदलापूरचं घर यांच्या किमतीत एक कोटीचा फरक आहे. या एक कोटीला ३८,५०० तासांनी भागलं, तर तासाला सुमारे २६० रुपये येतात. महिना पन्नास हजार मिळवणाऱ्याला ऑफिसही तासाला साधारण अडीचशेच देतं. म्हणजे घरात कमावणारा एकच असेल तर हा सौदा जेमतेम बरोबरीचा आहे. पण नवराबायको दोघेही रोज मुंबईला जात असतील तर तास दुप्पट होतात आणि दर १३० रुपयांवर येतो. ज्या तासाचे ऑफिस अडीचशे देतं, तोच तास घरासाठी निम्म्या भावात विकला जातो. मग दादरला का राहू नये? कारण एक कोटीच्या कर्जाचा साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठीचा हप्ता ८६ हजारांच्या पुढे जातो, आणि दोघांची मिळकत आहे एक लाख. रुपये नसतात म्हणून माणूस वर्षं देतो. याला निवड म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तरीही उपनगर म्हणजे फक्त स्वस्त घर, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. डोंबिवलीने जे उभं केलं ते पैशात मोजता येत नाही. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा १९९९ मध्ये इथे गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने सुरू झाली, आणि आज ती महाराष्ट्रभर निघते. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर नवे कपडे घालून जमणारी तरुण गर्दी कुणी निमंत्रण देऊन बोलावलेली नसते. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे इथेच राहिले. २०१७ मध्ये ९० वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे झालं. नाटकाला दादरपर्यंत जावं लागत नाही, सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर गावातच आहे. मजल्यावरच्या चार घरांची एकमेकांकडे किल्ली असते, शाळेतून आलेलं पोर शेजारी जेवतं, आजोबांना दवाखान्यात न्यायला खालच्या मजल्यावरचा मुलगा येतो. ज्या शहरात लोक पैसे मोजूनही शेजार मिळवू शकत नाहीत, तिथे हे मोठं धन आहे.

आणि डब्यातही एक गाव वसलेलं आहे. तिघांच्या बाकावर चौथा अर्धा टेकतो, त्याला चौथी सीट म्हणतात, आणि ठाण्यानंतर तिसरा आपण होऊन उठून त्याला नीट बसायला देतो. लेडीज डब्यात मांडीवर कागद पसरून गवार मोडली जाते. मोडता मोडता कुणाच्या सासूचं ऑपरेशन आणि कुणाच्या मुलीचा बारावीचा निकाल सगळ्यांना कळतो. घरी जाऊन फक्त फोडणी द्यायची उरते, आणि उशीर झालाच तर स्टेशनबाहेरचं पोळी-भाजी केंद्र असतं. संध्याकाळच्या गाडीत टाळ घेऊन भजनं म्हणणारे असतात. दसऱ्याच्या सुमारास डब्याला झेंडूची तोरणं लागतात, पूजा होते, पेढे वाटले जातात. एकाच ग्रुपबरोबर रोज तीन तास म्हणजे वर्षाला ८२५ तास होतात. इतका वेळ सख्ख्या भावंडांनाही मिळत नाही.

पण या तराजूत एक खोट आहे, आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट मला तीच वाटते. उपनगराचं सुख ज्याला मिळतं आणि किंमत ज्याला मोजावी लागते, ती माणसं वेगळी आहेत. चोवीस तासांतले नऊ ऑफिसचे, चार प्रवासाचे, झोपेचे आठाऐवजी सातच. उरले चार. त्यात आंघोळ, स्वयंपाक, जेवण, बँकेची कामं, म्हाताऱ्यांची औषधं. संध्याकाळचं तळं, कट्टा, वाचनालय, क्लास, मैदान हे सगळं आजीआजोबा आणि मुलं वापरतात. ज्याच्या तासांवर हे घर उभं आहे, तो ते बघतो रविवारी. लहान मूल साडेनऊला झोपतं आणि आई पावणेनऊला दारात येते. पाऊण तास उरतो, आणि त्यातलाही बराचसा गॅसपाशी जातो. बायकांचा हिशेब कायम दुप्पट असतो, म्हणून तर ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली पहिली लेडीज स्पेशल धावली तेव्हा तिचं एवढं कौतुक झालं.

गर्दीबद्दल आता. रेल्वेच्या भाषेत अतिगर्दीच्या वेळी एका चौरस मीटरवर चौदा ते सोळा माणसं उभी असतात. एक चौरस मीटर म्हणजे घरातल्या कॅरम बोर्डाहून थोडी मोठी जागा. ज्याच्या भोवती चौघं बसतात त्या बोर्डाएवढ्या जागेवर सोळा जण, प्रत्येकाची बॅग पोटाशी, एक हात वर कडीला, आणि तोही कडीपर्यंत पोचला तर. साडेतीन हजारांच्या बारा डब्यांच्या गाडीत पाच हजार कोंबले जातात. सगळ्या मार्गांवर मिळून दिवसाला ३,२०० च्या आसपास फेऱ्या होतात, म्हणजे सरासरी दर अर्ध्या मिनिटाच्या आत कुठून तरी एक लोकल सुटते. जगात फार थोड्या ठिकाणी हे घडतं आणि ते घडवणाऱ्या मोटरमन, गार्ड, गँगमन यांना मानलंच पाहिजे. तरीही उपनगरी मार्गांवर वर्षाला अडीच हजारांच्या आसपास माणसं दगावतात. रूळ ओलांडताना, दारातून पडून, काही आजारपणाने. दिवसाला सरासरी सात. दहा वर्षांपूर्वी हा आकडा तीन हजारांच्या वर होता, तेव्हा सुधारणा आहे, पण सात हा आकडा सुधारणा म्हणून मिरवण्याजोगा नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतले प्रवासी खाली पडले, त्या दिवशी चार जण गेले. ते कामावर निघालेले लोक होते.

उपाय म्हटलं की सगळे नव्या मार्गिकांबद्दल बोलतात. त्या हव्यातच, पण त्यांना दशकं लागतात. आकडे मात्र वेगळंच सुचवतात. दर दहा प्रवासांतला एक कमी झाला, तर रोज साडेसात लाख प्रवास कमी होतात. पाच हजारांच्या हिशेबाने या दीडशे खच्चून भरलेल्या लोकल झाल्या. एकही रूळ न टाकता, एकही झाड न तोडता. पाच दिवसांच्या आठवड्यात दहातला एक म्हणजे, सगळ्यांना जमलं तर, पंधरवड्यातून फक्त एक दिवस घरून काम. ज्यांचं काम जागेवर जाऊनच करायचं असतं, त्या नर्सला, रखवालदाराला, दुकानातल्या मुलीला हे शक्य नाही. पण संगणकापुढे बसणाऱ्याने त्यांच्यासाठी जागा करून देणं शक्य आहे. २०२० मध्ये लोकल सर्वसामान्यांना कित्येक महिने बंद होत्या आणि कितीतरी कार्यालयं घरांतून चालली, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. वेळांचंही तसंच. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये सीएसएमटीतल्या आपल्या कर्मचाऱ्यांच्या कामाच्या वेळा दोन पाळ्यांत विभागल्या आणि इतर कार्यालयांनाही तशी विनंती केली. ज्यांच्या हातात हजेरीची वही आहे, त्यांनी ही विनंती मनावर घ्यावी. एका सहीने साहेब आपल्या माणसाला जेवढा वेळ देऊ शकतो, तेवढा तो पगारवाढीतून कधीच देऊ शकणार नाही.

आणि जे आज बदलापूर, वांगणी, टिटवाळा, नालासोपाऱ्यात घर शोधतायत त्यांच्यासाठी एक सांगणं. बिल्डरच्या जाहिरातीत स्टेशन नेहमी पाच मिनिटांवर असतं, आणि घर दाखवायला गाडी येते ती रविवारी दुपारी, रस्ते मोकळे असताना. तसं जाऊ नका. सोमवारी सकाळी पावणेआठला त्या घराच्या दारातून निघा, आपल्या ऑफिसच्या खुर्चीत बसेपर्यंत घड्याळ लावा, आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत या. जेवढे तास भरतील त्यांना २७५ ने गुणा, मग नोकरीच्या उरलेल्या वर्षांनी. तो आकडा घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघा, ज्यांना प्रवास करायचा आहे त्यांनी आणि ज्यांना करायचा नाही त्यांनीही. टोकनचा चेक त्यानंतर द्या.